आक्काची वही

शोकसभेच्या आदल्या रात्री मी कोरा कागद पुढे घेऊन बसले होते. आक्कावर दहा मिनिटं बोलायचं होतं. सभा वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये, संध्याकाळी साडेपाचला. रात्रीचे अकरा वाजून गेले तरी कागदावर तारखेखेरीज काही नव्हतं. आठवत सगळं होतं. पण जे आठवत होतं त्यातलं काहीच चारचौघांत बोलता येण्यासारखं नव्हतं.

आक्काने नऊ वर्षं आमच्या जिल्ह्यात 'सहायक व्यक्ती' म्हणून काम केलं. हा शब्द पुष्कळांना माहीत नसतो, म्हणून सांगते. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार आली, की पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीला कळवायचं असतं. मग समिती मुलाच्या आणि पालकांच्या संमतीने एक माणूस त्या मुलासोबत देते. जबाब, वैद्यकीय तपासणी, दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब, कोर्टाच्या तारखा, साक्ष, निकाल, या सगळ्यात हा माणूस मुलाच्या बाजूला असतो. मूल कसं आहे, शाळेत जातंय का, घरात काय चाललंय, याचा अहवाल तो दरमहा समितीला देतो. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ ला अमलात आला, तेव्हापासून नियमांत ही तरतूद आहे. २०२० च्या नियमांत ती जास्त स्पष्ट झाली. तरी कितीतरी प्रकरणांत अशी नेमणूक होतच नव्हती. ही गोष्ट पालकांच्या मर्जीवर सोडून चालणार नाही, हे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

आक्का अंगणवाडीची मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाली होती. निवृत्तीनंतरच्या वर्षी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे जाऊन तिने आपलं नाव नोंदवलं. पेन्शन मिळायची. या कामाचे म्हणून जे थोडे पैसे कधीमधी हातात आले, ते मुलांच्या एसटीला आणि वह्यांना गेले.

तर अडचण अशी. पॉक्सोच्या कलम २३ प्रमाणे मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरचे लोक, शाळा, राहण्याचा परिसर, ज्यावरून त्याची ओळख पटेल असं काहीही बाहेर येता कामा नये. ते मोडणाऱ्याला किमान सहा महिन्यांची शिक्षा होऊ शकते. डिसेंबर २०१८ च्या निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही बंधनं आणखी घट्ट केली. आक्का स्वतः तर त्याच्याही पुढे होती. ती मुलांना खोटी नावंसुद्धा देत नसे. "खोट्या नावानं बोलाय लागलं की मानसाची जीभ सैल सुटती," म्हणायची. म्हणून मीही इथे जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. ज्या मुलीबद्दल पुढे लिहिणार आहे तिचे ओळखीचे तपशील बदलले आहेत, आणि खटल्याचा निकाल लागल्यावरच लिहायला बसले आहे. निकाल काय लागला तेही लिहिणार नाही.

शोकसभा भरवणारी मंडळी आक्काच्या प्रेमापोटीच धडपडत होती. एकाने मोठा फ्लेक्स करायचं ठरवलं होतं, 'पीडित लेकरांची माऊली' असा. दुसऱ्याने सुचवलं, की दोन-तीन मुलींना तोंडावर ओढणी बांधून स्टेजवर आणू, दोन शब्द बोलतील, लोकांना काम कळेल. हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. पण अंगावर काटा आला. गावाकडे चेहरा झाकलेली मुलगी चालण्यावरून ओळखतात, चपलेवरून ओळखतात. मी फोनवरच जवळजवळ ओरडले. मग फ्लेक्सवर फक्त नाव, फोटो आणि जन्म-मृत्यूच्या तारखा ठेवायचं ठरलं.

आक्का मला भेटली ती २०१६ च्या पावसाळ्यात, पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत माझ्या पदराचं टोक धरून मला काही सांगितलं. कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं, हे मला माहीत होतं, आमचं प्रशिक्षण झालेलं होतं. शाळेत वरिष्ठ म्हणाले, आधी घरच्यांशी बोलून बघू, शाळेचं नाव जाईल. मी ऐकलं. दोन दिवस ऐकलं. ते दोन दिवस ती मुलगी त्याच घरात झोपली.

तिसऱ्या दिवशी मी ठाण्यात गेले. आक्का नंतर आली. अंगावर रेनकोट, हातात डबा. पहिलं वाक्य ठाणे अंमलदारांना उद्देशून होतं, "साहेब, पोरीला हितं नको बसवाय. मॅडमना साध्या कपड्यात मावशीच्या घरी पाठवा. तिथं जबाब घेऊ या." कायद्यात हे जसंच्या तसं लिहिलेलं आहे. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल तिथे घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. पण आक्काने कलमाचा आकडा उच्चारला नाही. गरज पडेल तेव्हाच ती आकडा काढायची.

त्या दोन दिवसांबद्दल मी तिला पुढे कधीतरी सांगितलं. "होतं असं, मनाला लावून घेऊ नका," असं काहीतरी ती म्हणेल अशी माझी समजूत. तसं ती म्हणाली नाही. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "बाई, हे लिहून ठेवा. पुढच्या मास्तरणीला कामाला येईल." आज लिहितेय.

निवृत्तीनंतर मी तिच्याबरोबर जायला लागले. पदवी आणि शिकवण्याचा अनुभव होता, त्यामुळे माझंही नाव नोंदवलं गेलं. पण मला कामाला लावलं आक्कानेच. पहिले सहा महिने तिने मला तोंड उघडू दिलं नाही. "नुसतं बसा. पोरं कशी गप असत्यात ते शिका."

तिने शिकवलेलं मी अजून शिकतेच आहे. मुलाला 'काय झालं' असं कधी विचारायचं नाही. ते विचारायला पोलीस आहेत, डॉक्टर आहेत, कोर्ट आहे. आपण विचारलं तर सांगण्याची आणखी एक फेरी त्याच्या वाट्याला येते आणि उद्या कोर्टात 'यांनी पढवलं' म्हणायला जागा होते. शिक्षा होईल असं वचन द्यायचं नाही. ते आपल्या हातात नाही, आणि या मुलांना आधीच मोठ्या माणसांनी पुष्कळ वचनं दिलेली असतात. पाठीवर हात ठेवायचा तर आधी विचारायचं. तारीख पुढे गेली तर 'बरं झालं, घरी जाऊ' असं हसून म्हणायचं नाही. मूल रात्रभर जागून आलेलं असतं.

आणि बाजारात भेटलं तर ओळख द्यायची नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. आठवडी बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी आपली मुलगी दिसते, केस कापलेत, उंची वाढलीय, आणि आपण वांगी निवडत राहायचं. ती पाहून हसली तर हसायचं. तिने मान फिरवली तर समजायचं की आज ती फक्त बाजाराला आलेली आहे.

ओळखीची माणसं हेच या कामातलं मोठं दुःख. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासाची झेरॉक्स आक्काच्या पिशवीत असायची. तेरा राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात होती, महाराष्ट्रातलीही आणि गोव्यातलीही. ५३.२२ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं, आणि त्रास देणाऱ्यांत जवळजवळ निम्मे मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. कुणी 'आपल्याकडे असलं नसतं' म्हणालं की ती वाद घालत बसत नसे. ते पान उघडून समोर ठेवायची आणि चष्मा पुढे करायची.

२०२५ च्या एप्रिलमध्ये आक्का गेली. रात्री मेंदूत रक्तस्राव झाला, सकाळपर्यंत सगळं संपलं. दोनच दिवसांनी तिची कोर्टात एक तारीख होती.

दहाव्यानंतर तिच्या सुनेने मला बोलावलं. दिवाणावर सगळं मांडून ठेवलं होतं. मासिक अहवालांच्या प्रती, समितीचे आदेश, अर्जांच्या कार्बन कॉप्या. अर्ज आक्का स्वतःच्या हाताने लिहायची, निळ्या शाईत, एकेका अर्जाला तीन-तीन स्मरणपत्रं. त्यातला एक गठ्ठा कोर्टातल्या एका खोलीचा होता. साक्ष द्यायला येणाऱ्या मुलांसाठी वेगळं दार, वेगळी खोली हवी. जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी साक्ष केंद्रं सगळ्या जिल्ह्यांत उभी करायला सांगितलं, आणि ते प्रकरण महाराष्ट्रातूनच गेलेलं होतं. आमच्याकडे खोली होती. पण तिच्यात जुनी दप्तरं रचलेली आणि किल्ली नाझरकडे, म्हणजे कोर्टाचं सामान सांभाळणाऱ्या कारकुनाकडे. मुलं मधल्या व्हरांड्यात बसायची, जिथे आरोपीचे भाऊबंद समोरच्या कठड्याला टेकून टक लावून बघत. आक्का मध्ये उभी राहायची. तासन्‌तास, आडवी पिशवी घेऊन, रुंद होऊन. आणि अर्ज करत राहायची. चौदा महिन्यांनी दप्तरं हलली.

हे सगळे कागद मी समितीच्या कार्यालयात नेऊन दिले आणि पोच घेतली. ते माझ्याकडे राहणं बरोबर नव्हतं. एक वही मात्र सुनेने वेगळी काढली होती. किराणा दुकानात उधारी लिहितात तसली लांबट, लाल कापडी पाठीची. "ह्यात काही कळत नाही बघा मला, बाई. तुम्हाला कळलं तर ठेवा."

मलाही आधी कळलं नाही. एकही नाव नाही. प्रत्येक मुलासाठी चार-पाच पानं आणि पानाच्या डोक्यावर एक लहानसं चित्र. पतंग. बेडूक. चमचा. छत्री. बहुतेक त्या त्या मुलानेच काढलेलं, कारण रेषा लहान हाताच्या होत्या. खाली तारखा. आणि तारखेपुढे दोन-तीन शब्द.

'पुकारा झाला नाही. अर्धी भाकरी. पुढची ९ ऑगस्ट.'

'साहेब रजेवर. काही खाल्लं नाही.'

'समोरचे वकील आले नाहीत, मुदत अर्ज. भजी. माझ्या वाट्याचीसुद्धा.'

'सरतपास. उलटी. मग लिंबू सरबत, दोन घोट.'

'निकाल. चहा नको म्हणाली. घरी जाऊन जेवली (आजीचा फोन).'

मी त्या दिवाणावर बसून एकतीस चित्रांची पानं वाचली. घटनेबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. कोर्टात काय झालं ते दोन शब्दांत; 'सरतपास' म्हणजे सरकारी वकिलांनी मुलाला प्रश्न विचारले. बाकी सगळं, त्या दिवशी मुलाने काय खाल्लं एवढंच. आक्काला मूल कसं आहे हे ताटावरून कळायचं. अंगणवाडीत तीस वर्षं तिने तेच पाहिलं होतं.

तर त्या रात्री बारा वाजता मी तो कोरा कागद बाजूला सारला आणि दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये वही घेऊन गेले. चित्रांबद्दल बोलले नाही, तारखा वाचल्या नाहीत. फक्त खाण्याचे शब्द वाचले, एकामागून एक. अर्धी भाकरी. काही नाही. काही नाही. एक बिस्कीट, चहात बुडवून. राजगिऱ्याचा लाडू, खिशात ठेवला. काही नाही. भजी. दही-भात, आक्काने भरवला. काही नाही. ऊस. वडापाव, तिखट लागला, हसला. असं दहा मिनिटं. शेवटी एवढंच सांगितलं, की आक्काच्या कामाबद्दल मला याहून जास्त बोलायची परवानगी नाही.

हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं असतील. पहिल्या रांगांत अंगणवाडीच्या बायका, वाचनालयाची मंडळी, दोन वकील, एक निवृत्त फौजदार. मागच्या भिंतीला लागून काही माणसं उभी होती, बसा म्हटलं तरी बसली नाहीत. एक म्हातारी आणि तिचा हात धरून कॉलेजला जाण्याच्या वयाची मुलगी. एक रिक्षावाला, खाकी शर्टातला. एक जोडपं, मधे लहान मुलगा. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. फुलं वाहायला रांग लागली तेव्हा तेही आले, वाहिली, गेले. रिक्षावाला फोटोपुढे जरा जास्त थांबला. त्याने खिशातून राजगिऱ्याचा लाडू काढून फुलांच्या शेजारी ठेवला. शेजारच्या बाईने मला विचारलं, "हे कोण हो?" मी म्हटलं, "माहीत नाही."

सभेनंतर पुरस्काराची, स्मृतिचिन्हाची वगैरे चर्चा झाली. मी त्यात पडले नाही. भिशीतल्या बायकांनी मात्र एक काम केलं आणि ते मला मनापासून आवडलं. पत्र्याचा डबा ठेवला, महिन्याला ज्याला जमेल ते टाकायचं, आणि त्यातून तारखेला येणाऱ्या कुटुंबांचं एसटीचं तिकीट आणि बुडालेल्या हजेरीतलं थोडं भागवायचं. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तरी दोन बस बदलून येणाऱ्या मजूर बाईची दिवसाची मजुरी जाते ती जातेच. आणि तारीख एक नसते.

आक्काची तीन मुलं शिल्लक होती. म्हणजे तीन खटले चालू होते. समितीने दोन इतरांकडे दिले. तिसरी मुलगी दहा वर्षांची, तिच्यासाठी माझं नाव सुचवलं गेलं. पण नुसतं सुचवून चालत नाही. मुलाला सहायक व्यक्ती नको असेल तर ते बदलून मागू शकतं. तिचा होकार लागणार होता, आणि त्याआधी तिला कुणीतरी सांगायला हवं होतं.

घरच्यांनी सांगितलं नव्हतं. "आक्का गावाला गेलीया" एवढंच. मी वस्तीवर गेले तेव्हा ती गोठ्याच्या कडेला सागरगोटे खेळत होती. ते आक्काचेच, निळ्या चिटाच्या थैलीतले. मी जवळ जाऊन खाली बसले. तिने न बघता विचारलं, "आक्का कुठाय?"

'देवाघरी गेली', 'लांब गेली' हे शब्द ओठावर आले होते. या मुलीच्या आयुष्यात आधीच बरीच माणसं लांब गेलेली होती आणि त्यांतली काही परत येतील म्हणून ती दारात बसत होती. मी म्हटलं, "आक्का वारली. आजारी पडली आणि वारली. आता ती येणार नाही."

तिने सागरगोटा वर उडवला. झेलला. पुन्हा उडवला, तो पडला.

"मग तारखेला कोन येनार?"

"तू हो म्हणालीस तर मी येईन."

ती माझ्याकडे नीट बघत राहिली. "तुमचं वय किती?"

"एकसष्ट."

"आन् आक्काचं?"

"अडुसष्ट."

तिने बोटं मोडत काहीतरी हिशेब केला. मी थांबले. मग ती म्हणाली, "खटला कधी संपनार?" मी म्हटलं, "ते मला सांगता येत नाही." हे उत्तर तिला पटलं असावं, कारण तिने चार सागरगोटे माझ्यापुढे सरकवले.

समितीपुढे मॅडमनी तिला एकटीला आत घेऊन विचारलं. बाहेर येऊन ती आजीला म्हणाली, "चालंल म्हटलं." आठवड्याने आदेश हातात पडला.

कायद्याप्रमाणे कोर्टाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष व्हायला हवी, आणि शक्यतो वर्षात खटला. हिच्या बाबतीत दोन वर्षं होत आली होती. मुलं या काळात वाढतात. दात पडतात, नवे येतात, शाळेचा वर्ग बदलतो, आणि ज्या दिवसाबद्दल सांगायचं तो विसरायचाही असतो आणि तारखेपर्यंत लक्षातही ठेवायचा असतो. या एका गोष्टीचा मला राग येतो आणि तो मी लपवत नाही.

साक्षीचा दिवस पावसाचा होता. समन्स घेऊन आलेल्या पैरवी हवालदारांनी, म्हणजे पोलिसांचं कोर्टातलं काम बघणाऱ्यांनी, साडेदहाला बोलावलं होतं. आम्ही मागच्या दाराने त्या खोलीत गेलो. चटई, ठेंगणं टेबल, पाण्याचा माठ. आक्काने चौदा महिने मागितलेली खोली. अकरा वाजले, बारा वाजले. आम्ही सागरगोटे खेळलो. एकी, दुही, तिही. मी वाईट खेळते, ती मला चढ देत होती. आजी भिंतीला टेकून जप करत होती. सरकारी वकील मॅडम एकदा डोकावून गेल्या. जेवणाची सुट्टी झाली, डबा उघडला, तिने झाकण परत लावलं. पावणेतीनला पुकारा झाला.

बंद दाराआड साक्ष होती. हिरव्या कापडाचा पडदा, दवाखान्यात असतो तसा. त्याच्या पलीकडे आरोपी, तिला न दिसेलसा. तिला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात न उभं करता न्यायाधीश मॅडमच्या जवळ खुर्ची दिली. पाय जमिनीला पोचत नव्हते, म्हणून शिपायाने आपण होऊन एक लाकडी पाट आणून खाली सरकवला. मॅडमनी आधी नाव, इयत्ता, आवडता विषय विचारला. खरं बोलणं म्हणजे काय विचारलं. मग सुरुवात झाली.

त्या दोन तासांतलं मी काही लिहिणार नाही. मी मागे एका बाजूला बसले होते. तिने मध्येच वळून माझ्याकडे पाहिलं. माझी मान आपोआप हलणार होती. आक्का म्हणायची, "तेवढ्या वक्ताला मान धरून ठिवायची, बाई. हो बी न्हाई, न्हाई बी न्हाई. पोरीला दिसलं पायजे की आपण हाय, बास." मी मांडीखाली दोन्ही हात दाबून धरले आणि तिच्याकडे नुसती बघत राहिले. पाच-सहा सेकंद असतील.

एक प्रश्न तेवढा सांगते, त्यात घटनेचं काही नाही. उलटतपासाचे प्रश्न वकिलांनी थेट विचारायचे नसतात, न्यायाधीशांमार्फत जातात. शेवटाकडे तो नेहमीचा प्रश्न आला, जो प्रत्येक मुलाला येतोच. मॅडमनी तो सोप्या भाषेत विचारला, "तुला इथं काय बोलायचं ते कुणी शिकवलं का?"

"हो," ती म्हणाली. "आक्कानी."

खोलीत एकदम शांतता झाली. सरकारी वकील मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. माझ्या कानात पाऊस वाजत होता.

न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "काय शिकवलं आक्कांनी?"

"कळलं नाही तर कळलं नाही म्हनायचं. आठवत नसलं तर आठवत नाही म्हनायचं. तहान लागली तर पानी मागायचं." मग जरा थांबून, "मला तहान लागली."

शिपायाने पाण्याचा पेला आणला. ती पाणी पीत असताना मॅडमनी ते उत्तर सांगितलं आणि टंकलेखक बाईंनी ते जसंच्या तसं टाइप केलं, तिन्ही वाक्यं. मी कीबोर्डचा आवाज ऐकत होते.

बाहेर आलो तेव्हा पाऊस थांबला होता. स्टँडवर आजीला पान हवं होतं, ती टपरीकडे गेली. मी मुलीला विचारलं, भूक आहे का. तिने उत्तर दिलं नाही, हॉटेलच्या काचेच्या कपाटाकडे बघितलं. आम्ही आत बसलो. बस यायला वीस मिनिटं होती. ती खिडकीजवळ बसून खात होती आणि येणाऱ्या गाड्यांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. बसमध्ये ती आजीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. थैली तिच्या मुठीतच राहिली. मी ती मागून घेतली नाही.

घरी येऊन मी लाल पाठीची वही काढली. तिचं पान सापडायला वेळ लागला नाही. डोक्यावर खार काढलेली आहे, शेपूट पानाबाहेर गेलेली. आक्काचं शेवटचं अक्षर मार्च महिन्याचं होतं, 'मुदत. भुईमुगाच्या शेंगा.' त्याखाली मी तारीख घातली आणि लिहिलं:

'साक्ष पूर्ण. डबा नको. मग दीड वडापाव, वर चहा. पुढची ११.'